वाफशाची वाट

पेठ नाक्यावर महामार्ग सोडला की सांगलीचा रस्ता इस्लामपूर, आष्टा, तुंग, कसबे डिग्रज असा कृष्णेच्या बाजूनं उतरत जातो. दोन्हीकडं ऊस. मार्च-एप्रिलात या हिरव्या भिंतीला मधेच भगदाड पडलेलं दिसतं. दोन-चार एकरांचा उघडा तुकडा, वर पांढुरका थर, कडेला वेडी बाभूळ, सखल कोपऱ्यात लव्हाळा. त्या तुकड्याला बांध आहे, सातबारा आहे, बऱ्याचदा त्यावर सोसायटीचं कर्जही आहे. पीक तेवढं नाही. चौकशी केली तर उत्तर दोन शब्दांत येतं: रान गेलं.

ते पुरात वाहून गेलेलं नाही की विकलेलं नाही. जागच्या जागी आहे, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गावातलं सगळ्यात भारी रान म्हणून सोयरीक जुळवताना त्याचं नाव घेतलं जात होतं. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत, वर कराडकडं, आणि नीरेच्या बाजूला फलटणमध्ये अशी गेलेली रानं गावोगाव आहेत. देशात क्षारांनी बाधलेली जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर धरली जाते आणि त्यातली सुमारे ६ लाख हेक्टर महाराष्ट्रात. पण कृष्णाकाठचं दुखणं निव्वळ मिठाचं नाही. ते आधी पाण्याचं आहे, आणि त्याच्याही आधी मातीच्या स्वभावाचं.

हा स्वभाव पाहायचा तर वर्षातून दोनदा तरी रानात जावं लागतं. मे महिन्यात काळं रान इतकं तडकतं की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. ढेकूळ उचलून बांधावर आपटलं तरी फुटत नाही. जूनचे पहिले एक-दोन पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतात. पाणी झरझर जिरतंय असं वाटतं, आणि तेवढे दिवस ते खरंही असतं. मग माती फुगायला लागते. भेगा मिटतात, वरचा थर एकजीव होतो आणि दार आतून लागतं. त्यानंतरचं पाणी मिलिमीटर-मिलिमीटरनं खाली सरकतं, नाहीतर सरकतच नाही. जुलैत त्याच रानात पाय ठेवला तर चप्पल तिथंच राहते.

हे सगळं करणारं खनिज डोळ्यांना दिसत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन जी चिकण माती झाली तिच्यात माँटमोरिलोनाइट हा घटक मोठा. त्याचे कण कागदाच्या चळतीसारखे थरांचे, आणि पाणी या थरांच्या मधे शिरून त्यांना दूर सारतं. एका ग्रॅम माँटमोरिलोनाइटचा सगळा पृष्ठभाग उलगडून मांडला तर सातशे-आठशे चौरस मीटर भरतो. पाणी, खत, मीठ, जे येईल ते धरून ठेवायला एवढी जागा. कृष्णाकाठच्या भारी रानात चिकण मातीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा वरही जातं. अशी माती कंजूष असते. घेतलेलं सोडत नाही.

त्यामुळं या मुलखात शेतकऱ्याचा सगळा हिशेब वाफशाभोवती फिरतो. ओल जास्त असताना औत घातलं तर तासातून मातीच्या चकचकीत वड्या निघतात, पुढं त्या वाळून दगड होतात आणि तो हंगाम वाया जातो. ओल उडाल्यावर घातलं तर फाळच आत जात नाही. मधले मोजके दिवस कामाचे. मूठभर माती दाबून गोळा करायचा, कंबरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर वाफसा, चपटा होऊन बसला तर घरी जायचं. मुरमाड रानात हा काळ उदार असतो, भारी काळ्या रानात चिकट. आणि ज्या रानाखाली पाणी तुंबलेलं आहे तिथं वाफसा येतच नाही. मुळांना हवा लागते. चिकण मातीतली सगळी पोकळी पाण्यानं भरली की मूळ गुदमरतं. ऊस पिवळा पडतो, कांडी आखडते, आणि पाणी कमी पडलं असेल म्हणून मालक आणखी एक पाळी देतो.

नदीकाठ म्हटलं की सगळी जमीन एकसारखी, असा समज रस्त्यावरून पाहणाऱ्याचा होतो. पूर आला की नदी काठ ओलांडते, आणि ओलांडल्या ओलांडल्या तिचा वेग मोडतो. जड वाळू आणि पोयटा काठावरच पडतो. बारीक चिकण माती तेवढ्यात बसत नाही. ती पाण्याबरोबर आत जाते, सखल जागी पाणी थांबलं की दिवसचे दिवस तरंगत राहते आणि मग सावकाश खाली बसते. हजारो पुरांत हे झालं. म्हणून काठाची मळी थोडी उंच, भुसभुशीत, निचऱ्याची. आणि मळीच्या मागचा खोलगट पट्टा काळा, भारी, पाणी धरणारा. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव झालं ते मळीच्या जोरावर. मागच्या पट्ट्यात शाळू, गहू, हरभरा. नकाशा न काढता गावानं हे वाटप पिढ्यान्‌पिढ्या पाळलं.

पाऊसमानही याला साजेसं होतं. महाबळेश्वरला पाच-सहा मीटर कोसळणारा पाऊस सांगली-मिरजेला येईपर्यंत सहाशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. एवढ्या पावसात पाणी धरून ठेवणारी माती म्हणजे चार महिन्यांची बेगमीच. पाऊस संपल्यावर पेरलेला शाळू निव्वळ त्या ओलीवर आणि पहाटेच्या दंवावर पोसायचा. निचरा कमी, हा त्या काळात दोष नव्हता.

याच गुणाचा सगळ्यात चतुर वापर शेतीत झालाच नाही, तो हळदीच्या व्यापारात झाला. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. तिथं आणि सांगलवाडीच्या बाजूला जमिनीत हळदीची पेवं आहेत. वर माणूस उतरेल एवढं तोंड, आत पंधरा-वीस फूट खोल, पोटाशी रुंद होत गेलेली कोठारं. भिंतींना विटा नाहीत, चुना नाही, केवळ माती. घट्ट चिकण माती ओल आत येऊ देत नाही आणि हवाही खेळू देत नाही. कोंडलेल्या पेवात किडीला जगायला प्राणवायूच उरत नाही, त्यामुळं हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आधी बराच वेळ वारं लागू देतात. घाई जिवावर बेतू शकते. २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या साठवणीचाही वाटा आहे. पण २००५च्या महापुरात नदी वरून आत शिरली आणि शेकडो पेवं ढासळली. बाजूनं पाण्याचा थेंब न घेणारी माती तोंडातून आलेल्या पाण्यापुढं टिकली नाही. आज हळद बहुतेक शीतगृहात जाते, पेवं मोजकी उरली आहेत.

रानाकडं परत येतो. कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा बांधून कालवा काढला गेला तो एकोणिसाव्या शतकाच्या साठीत. दख्खनमधल्या जुन्या इंग्रजी कालव्यांपैकी तो एक. पण खोऱ्याचं रूप पालटलं ते पुढं, कोयना धरण उभं राहिल्यावर. साठच्या दशकापासून कृष्णेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं, आणि बारमाही नदीच्या काठावर सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे पंप बसले. पंपांसाठी लांब जायचं नव्हतं. किर्लोस्करवाडी याच खोऱ्यात, पलूसला लागून. मागोमाग साखर कारखाने आले: सांगलीत वसंतदादांचा, रेठऱ्याला कृष्णा, साखराळ्याला राजारामबापूंचा, वाळव्याला नागनाथअण्णांचा हुतात्मा. या कारखान्यांनी गावागावांत शाळा आणल्या, दवाखाने आणले, पक्की घरं आणली. त्याविषयी कुत्सितपणे बोलणारे बहुधा तिथं राहिलेले नसतात. मात्र एक गोष्ट ताळेबंदात कोणीच मांडली नाही. चार महिने भिजणारी आणि आठ महिने वाळणारी माती आता बारा महिने ओली राहणार होती. तिच्या भेगा पडायच्याच बंद होणार होत्या.

आडसाली ऊस रानात दीड वर्ष उभा असतो. पाटानं मोकळं पाणी दिलं तर पावसासकट अडीच-तीन मीटर उंचीचं पाणी त्या रानावरून जातं. त्यातलं पीक पितं, काही उडून जातं, उरलेलं खाली. मिठाचा हिशेबही करून पाहावा. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेलं विहिरीचं पाणी कोणी खारं म्हणणार नाही, चहा त्याचाच होतो. पण असं एक मीटर पाणी एकरावर पडलं की त्याच्याबरोबर दोन टन क्षार रानात आले. ऊस पाणी वापरतो, क्षार बहुतांशी मागं ठेवतो. निचरा असेल तर पुढच्या पावसात ते धुऊन ओढ्याला जातात. नसेल तर दरसाल दोन टनांवर दोन टन.

जमिनीखालचं पाणी चार-पाच फुटांवर आलं की पुढचं काम ऊन करतं. चिकण मातीच्या केसाएवढ्या वाटांनी पाणी वर चढतं, वर आलं की उडून जातं, मीठ पृष्ठभागावर राहतं. उन्हाळ्यातला पांढरा थर तो हाच. इथवर आलेलं रान खारवट. ते धुता येतं, अजून हाताबाहेर गेलेलं नसतं. खरी गाठ चोपणाशी पडते. क्षारांतला सोडियम हळूहळू मातीच्या कणांवरच्या कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतो. कॅल्शियम कणांना एकत्र बांधून ठेवतो, सोडियम त्यांना सुटं करतो. सुटे कण पाण्याबरोबर वाहत उरल्यासुरल्या छिद्रांत जाऊन बसतात. आधीच अरुंद असलेली वाट पुरती बुजते. पुस्तकात चोपण ठरवायला सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर हवं असं दिलेलं असतं. आपल्या काळ्या मातीचं त्याच्या निम्म्यावरही बिघडायला लागतं, हे इथं काम केलेल्या मृदशास्त्रज्ञांना माहीत आहे.

प्रयोगशाळेत न जाताही हे पाहता येतं. काचेच्या दोन ग्लासांत पावसाचं नाहीतर आरओचं पाणी घ्यावं. एकात मळीतलं वाळलेलं छोटं ढेकूळ सोडावं, एकात चोपण रानातलं. मळीचं ढेकूळ फसफसून विरघळेल, पण माती तळाशी बसेल आणि तासाभरात वरचं पाणी नितळ होईल. चोपणाच्या ढेकळाभोवती आधी दुधासारखं वलय उठतं, ते पसरत जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ग्लास गढूळच. त्यात चिमूटभर जिप्सम टाकून ढवळलं की कण एकमेकांना धरू लागतात आणि पाणी निवळतं. जिप्समची जाहिरात याहून चांगली होणार नाही. फसगतही इथूनच सुरू होते.

ग्लासात जे झालं ते रानात का होत नाही? जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून उठवतो हे खरं, पण उठलेला सोडियम रानाबाहेर जायला हवा. खाली पाणी तुंबलेलं असेल तर तो तिथंच घुटमळतो आणि पुन्हा येऊन बसतो. गोण्यांवर गोण्या पसरून, दरवर्षी ट्रॅक्टर लावून पदरी काही न पडलेले शेतकरी या पट्ट्यात भरपूर आहेत. दुकानदार निचऱ्याचं विचारत नाही. निचरा त्याच्याकडं विकायला नसतो.

हे नव्यानं कळलं असंही नाही. १८८५मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत बारामतीकडची रानं पांढरी पडू लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१०मध्ये पुस्तिका काढली. पाटबंधारे खात्यातले क्लॉड इंग्लिस आणि गोखले यांनी पुढं कालव्याखालच्या निचऱ्यावर काम केलं. चिकण मातीच्या थरातच संपणारा चर फारसा उपयोगी पडत नाही, तो खालच्या मुरमाला भिडला पाहिजे, हा त्यातला कळीचा धडा. पाणी काळ्या मातीतून जवळजवळ हलत नाही, मुरमातून मात्र दूरवर पळतं. वरच्या अंगाच्या कालव्याचा, पाटाचा पाझर मुरमातून येतो आणि सखलातल्या रानाला खालून वर ढकलतो. सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२पासून ऊस संशोधन केंद्र आहे. कालव्याखालच्या मातीचा अभ्यास तिथं सुरुवातीपासून झाला. म्हणजे कोयनेचं पाणी येण्याआधी किमान तीस वर्षं सगळं कागदावर होतं. माहिती नव्हती असं म्हणायला जागा नाही. पाणी आणण्याचं भूमिपूजन होतं, पाणी काढण्याचं होत नाही, एवढाच काय तो फरक.

मुरमाच्या या खेळामुळं गावात जी भांडणं होतात ती बाहेरच्याला कळत नाहीत. ज्याचं रान गेलं तो बऱ्याचदा पाणी मोजून देणारा असतो. त्याच्या वरच्या अंगाला पंधरा एकर उसात रात्री मोटर चालू ठेवून झोपणारा असतो. नुकसान एकाचं, कारण दुसऱ्याचं, आणि मधला पुरावा जमिनीखाली. तलाठ्याच्या पंचनाम्यात असल्या गोष्टीला रकाना नाही.

सांगली जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला जत आणि आटपाडी. तिथं हलक्या, निचऱ्याच्या मुरमाड रानात लोकांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, समान पाणीवाटपाची चळवळ उभी केली. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी हेच कृष्णेचं पाणी उपसून वर चढवलं. तासगाव-कवठेमहांकाळची द्राक्षं त्या रानावर पोसतात, कारण वेलीच्या मुळाशी पाणी थांबत नाही. आता योजनांचं पाणी पूर्वेकडं जिथं सखल काळ्या पट्ट्यात पोचलंय, तिथंही ऊस पाठोपाठ आलाय.

उपाय काय, तर सगळ्यात जुना उघडा चर. तो चालतो, पण जागा खातो, आणि दोन पावसाळ्यांत गवतानं, गाळानं बुजतो. भूमिगत निचऱ्यात छिद्रांच्या, वळ्यावळ्यांच्या पीव्हीसी नळ्या जमिनीखाली साधारण चार फुटांवर, उतार साधत टाकतात. बारीक माती आत शिरू नये म्हणून भोवती कृत्रिम धाग्यांचं कापड गुंडाळतात. या नळ्या मोठ्या नळीला मिळतात, ती ओढ्यात सुटते. काळ्या रानात नळ्यांमधलं अंतर कमी ठेवावं लागतं, म्हणून खर्च वाढतो. एकरी लाखाच्या पुढं सहज जातो. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी मोल नांगर. ट्रॅक्टरमागं पोलादी गोळा जमिनीखाली दीड-दोन फुटांवर ओढत नेला की चिकण मातीत नळीशिवायच बोगदा तयार होतो. ही तऱ्हा चिकण मातीतच जमते, वाळूत बोगदा उभा राहणार नाही. चार-पाच वर्षांनी तो ढासळतो, पुन्हा ओढायचा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रानं यावर इथल्याच रानांत काम केलं. सांगलीच्या बाहेर त्या केंद्राला लोक ओळखतात ते ‘फुले संगम’ सोयाबीनमुळं.

नळ्यांचं तंत्र अवघड नाही. अडतं ते शेवटच्या टोकाला. माझ्या रानातल्या नळ्या ओढ्याला मिळायच्या तर मधे चार जणांची रानं लागतात. त्यांतला एक म्हणतो, माझ्या रानाखालून तुझं खारं पाणी नको. दुसऱ्याचा भाऊबंदकीचा दावा चालू असतो. ओढा तरी कुठला? वहिवाटीत दहा-पंधरा फूट असलेला ओढा दोन्ही बाजूंनी एकेक सरी वाढवत वाढवत नाली झालेला असतो, काही गावांत तो नकाशावरच राहिलाय. शेजारच्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं हीच गाठ सोडवली. एकेकट्या शेतकऱ्याऐवजी सबंध शिवार धरायचं, सगळ्यांना एकत्र बसवायचं, मुख्य नळी काही किलोमीटर लांब नेऊन सोडायची, कर्ज उभं करून द्यायचं आणि ते उसाच्या बिलातून फेडून घ्यायचं. पंचवीस-तीस वर्षं पडीक असलेल्या रानांत तिथं पुन्हा पिकं उभी राहिली. सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी गाड्या करून ती जाऊन पाहिली. अभियंत्यांपेक्षा तिथं जास्त कामाला आला असेल तर कारखान्याचा गटप्रमुख, ज्याला कोण कोणाशी बोलत नाही हे पाठ असतं.

नदीकाठाला आणखी एक अडचण आहे. इथं नळीचं तोंड ज्या ओढ्यात सुटतं तो कृष्णेच्या फुगवट्यात येतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २००५मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, २०१९मध्ये ५७च्या पुढं, २०२१मध्ये पुन्हा ५४च्या वर. अशा वेळी नळीतून पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत येतं. काही जणांनी तोंडाला झडप बसवली, काहींनी खड्डा करून त्यातून पंपानं उपसा ठेवला. पूर ओसरल्यावर रस्ते चार दिवसांत मोकळे होतात आणि बातम्या थांबतात, पण त्या खोलगट काळ्या रानात वाफसा यायला कधीकधी मार्गशीर्ष उजाडतो. हरभऱ्याची वेळ टळते, गव्हाची टळत आलेली असते. पंचनामा उभ्या पिकाचा होतो. न पेरता आलेल्या रब्बीचा होत नाही.

निचरा झालेल्या रानात पहिल्या वर्षी काय घ्यायचं, यावर कृषी खात्याचा सल्ला ठरलेला आहे. आधी धैंचा पेरून तो फुलोऱ्यात गाडायचा, पावसाळ्यात बांध घालून पाणी कोंडायचं आणि नळ्यांवाटे क्षार धुऊ द्यायचे, मग गहू, बीट, कापूस अशी क्षार सोसणारी पिकं, आणि रान सुधारल्यावर ऊस. पण हप्ता पहिल्याच वर्षी सुरू होतो, आणि धैंच्याचं बिल कोणता कारखाना काढत नाही. त्यामुळं बहुतेक जण सरळ ‘फुले २६५’ लावतात, ही जात क्षारात तग धरते म्हणून. ठिबकचा संच असतो, त्याच्या नळ्या दोन वर्षांनी गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर जातात, कारण उंदरांनी कुरतडल्या, नाहीतर खोडव्याच्या वेळी तुटल्या. पुन्हा पाट. पाणीपट्टी अजूनही बहुतेक ठिकाणी एकरावर आहे, पाण्याच्या मापावर नाही, तेव्हा पाळी सोडायची कशाला, या प्रश्नाला शेतकऱ्याकडं उत्तर नसतं. जमिनीखालच्या नळ्या आता ते जास्तीचं पाणी ओढ्यात नेऊन टाकतात, ओढा कृष्णेत, आणि खाली म्हैसाळच्या पंपांतून तेच पाणी, थोडं जास्त खारं होऊन, पूर्वेकडच्या रानांना जातं. ओढ्यांतल्या या पाण्याची क्षारांसाठी नियमित तपासणी कोणत्या खात्यानं करायची, जलसंपदा, कृषी की भूजल सर्वेक्षण, हे आधी ठरायला हवं. नळ्या टाकण्याच्या योजनांना मंजुऱ्या मिळत आहेत, आणि पुढच्या टप्प्यातल्या गावांची नावं याद्यांत चढत आहेत.